गालातली पांढरी जाळी आणि गुळवेलीचा काढा

प्रश्न : माझं वय ४९. आम्ही अक्कलकोट रोडला राहतो, मालकांचं टॉवेल-चादरीचं काम आहे. दीड वर्ष झालं, दोन्ही गालांच्या आतून पांढऱ्या रेघांची जाळी दिसते आणि वरच्या हिरड्या सोलल्यासारख्या लाल झाल्यात. कडक भाकरीचा तुकडा तोंडात घातला तर डोळ्यांत पाणी येतं, शेंगाचटणीचं तर नावच नको. आधी सगळे म्हणाले तोंड आलंय, उष्णता आहे. जाईचा पाला चघळून झाला, तूप लावून झालं, बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या झाल्या. शेवटी दातांच्या डॉक्टरांनी गालाचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्टात ‘ओरल लायकेन प्लॅनस’ आलंय. पुढे ‘लिम्फोसाइट पेशींचा पट्टा’ आणि ‘डिस्प्लेसिया नाही’ असं लिहिलंय. डॉक्टर म्हणाले, तुमच्याच पेशी तुमच्यावर उलटल्यात. जाऊबाई म्हणतात, म्हणजे प्रतिकारशक्ती कमी झाली, ती वाढव. म्हणून महिनाभर सकाळी गुळवेलीचा काढा आणि इम्युनिटीची पावडर घेतेय. डॉक्टरांनी दिलेलं मलम स्टेरॉइडचं आहे असं कळल्यावर लावलंच नाही. बीपीची गोळी दोन वर्षांपासून चालू आहे. सकाळी मिश्री लावायची सवय आहे. नातू माझ्याच ताटात जेवतो, त्याला काही होईल का? आणि हे पुढं कॅन्सरवर जातं का?
— एक भगिनी, सोलापूर

उत्तर :

ताई, उद्या सकाळचा काढा करू नका आणि ती पावडरही ठेवून द्या. कपाटात ठेवलेलं मलम मात्र बाहेर काढा. कारणं सांगतेच, पण या दोन गोष्टींसाठी पूर्ण उत्तर वाचून होईपर्यंतसुद्धा थांबू नका.

नातवाला खुशाल एका ताटात घेऊन जेवा. हा आजार जंतूंमुळे होत नाही, उष्ट्यातून, श्वासातून, भांड्यातून कुणालाही लागत नाही.

आता तुमचा रिपोर्ट. ‘पट्टा’ हा शब्द वाचून तुम्ही घाबरलात, असं तुमच्या पत्रावरून वाटतं. तुकडा तपासणारे डॉक्टर त्याचा केसाहून पातळ काप घेतात, त्याला जांभळा आणि गुलाबी रंग देतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. निरोगी गालाच्या कापात वरचं अस्तर, म्हणजे एकावर एक रचलेल्या पेशींचे थर, आणि खालचा मऊ भाग यांच्यामधली सीमारेषा स्वच्छ दिसते. खालच्या भागात लिम्फोसाइट, म्हणजे शरीराचं रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशी, इकडेतिकडे एखाददुसरी. लायकेन प्लॅनसच्या कापात मात्र त्या सीमेला अगदी चिकटून गर्द जांभळ्या ठिपक्यांची दाटी झालेली असते, जणू कुणी ब्रशने एक आडवी रेघ ओढली आहे. हाच तो पट्टा. प्रत्येक ठिपका म्हणजे एक लिम्फोसाइट, आणि त्यातले बहुतेक टी-पेशी या एका जातीचे. त्यांच्या बरोबर वर, अस्तराच्या सगळ्यात खालच्या थरात, अधूनमधून काचेसारखे गुलाबी गोल मणी दिसतात. त्या तुमच्या अस्तराच्या मेलेल्या पेशी. एका बाजूला मारणारे आणि दुसऱ्या बाजूला मेलेले, असं दोन्ही एकाच काचेवर दिसतं, म्हणून हे निदान त्या तुकड्यावर ठरतं. गालावर नुसती पांढरी जाळी असेल तर अनुभवी डॉक्टर पाहूनही ओळखतात. तुमच्यासारखं लाल आणि सोललेलं असेल तर तुकडा काढणंच योग्य. तुमच्या दातांच्या डॉक्टरांनी काम नीट केलंय.

या टी-पेशी तिथे करतात काय, ते समजून घेतलंत तर काढ्याचा प्रश्न आपोआप सुटेल.

तोंड ही मोठी अवघड जागा आहे. दिवसभर तिथून तिखट, गरम, खारट जातं, चावताना बारीक जखमा होतात, कोट्यवधी जंतू कायमचे वस्तीला असतात. तरीही बहुतेकांचं तोंड शांत असतं, कारण तिथल्या संरक्षक पेशी जपून वागतात. अस्तरातच फांद्या पसरून बसलेल्या काही पेशी असतात. पॉल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने १८६८ मध्ये त्या प्रथम त्वचेत दाखवल्या, म्हणून त्यांना त्याचं नाव आहे. आल्यागेल्याचा अंश टिपायचा, तो घेऊन गळ्यातल्या गाठींपर्यंत जायचं आणि तिथल्या टी-पेशींना दाखवायचा, हे त्यांचं काम. परकं आणि धोक्याचं असेल तर टी-पेशी तयार होऊन निघतात. धोका नसेल तर त्यांना आवरणाऱ्या वेगळ्या टी-पेशी असतात, नियामक टी-पेशी. या आवरणाऱ्या पेशींच्या शोधासाठीच २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मेरी ब्रन्को, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना मिळालं. आपल्या शरीरात हल्ला करणाऱ्यांइतकंच महत्त्व थांबवणाऱ्यांना आहे, हे त्या कामातून पक्कं झालं.

लायकेन प्लॅनसमध्ये हा तोल सुटतो. सीडी-८ जातीच्या टी-पेशी, ज्यांचं एरवी काम विषाणू शिरलेल्या पेशींना मारायचं, त्या तुमच्या अस्तराच्या तळच्या निरोगी पेशींनाच शत्रू समजतात. आधी त्या पेशीच्या कवचाला भोक पाडणारं एक प्रथिन सोडतात, मग आत दुसरं प्रथिन सोडून तिला संपवतात. कोणत्या खुणेवरून ही चूक होते, ते शास्त्राला अजून नेमकं सापडलेलं नाही. चूक झाल्यावर मात्र ती वाढत कशी जाते, हे बरंच कळलंय. सीडी-४ जातीच्या टी-पेशी इंटरफेरॉन गॅमा नावाचं रसायन सोडतात. त्यामुळे अस्तराच्या पेशी घाबऱ्या होऊन आणखी टी-पेशींना हाक मारणारी रसायनं सोडू लागतात. शेजारच्या मास्ट पेशी, म्हणजे रसायनांच्या दाण्यांनी भरलेल्या संरक्षक पेशी, फुटतात, त्यांच्यातून निघणारी द्रव्यं अस्तराखालचा पातळ पडदा फाडतात आणि टी-पेशींना वर जायला वाट मोकळी होते. आलेल्या पेशी पुन्हा इंटरफेरॉन सोडतात. असं हे चक्र बाहेरून कुणी थांबवलं नाही तर वर्षानुवर्षं फिरत राहतं. शिवाय काम झाल्यावर सगळ्याच टी-पेशी परत जात नाहीत. काही तिथेच मुक्काम ठोकतात, म्हणून बरं वाटल्यावर पुन्हा उसळी आली की बहुतेक वेळा गालाच्या त्याच जागी येते.

आता सांगा, यात प्रतिकारशक्ती कमी कुठे आहे? ती जागेवर आहे, भरपूर आहे आणि नको तिथे राबते आहे. घराला आग नसताना अग्निशमनचा बंब येऊन संसार भिजवतोय, आणि जाऊबाई म्हणतात आणखी एक बंब बोलाव. त्यांचा हेतू चांगला आहे यात शंका नाही. कोरोनाच्या काळात घराघरांत ‘इम्युनिटी वाढवा’ हे इतकं बिंबलंय की कुठल्याही आजाराला तेच उत्तर सुचतं. पण स्वतःच्याच पेशी उलटण्याच्या आजारांत प्रतिकारशक्तीला चेव आणणारी वस्तू घेणं चुकीचं आहे, मग ती वनस्पतीची असो की डब्यातली पावडर.

गुळवेलीबद्दल आणखी एक. २०२० च्या शेवटच्या महिन्यांत मुंबईतल्या यकृताच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेले सहा रुग्ण पाहिले आणि २०२१ मध्ये ते शोधनिबंधात मांडले. ती सूज शरीर स्वतःच्याच यकृतावर उलटतं तेव्हाच्या आजारासारखी होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, ती वनस्पती खरोखर गुळवेलच होती का, असं विचारलं. तो वाद त्यांचा त्यांच्यात होऊ द्या. तुमच्या शरीरात एका ठिकाणी ही उलथापालथ आधीच चालू आहे, तेव्हा तुम्ही त्या वाटेला जाऊ नये, एवढं मी ठामपणे सांगते. महिनाभर काढा झालाय, तर यकृताची साधी रक्ततपासणी करून घ्या. त्याच रक्तात साखर, हिमोग्लोबिन, बी-१२ आणि एकदा हेपटायटिस-सी (विषाणूमुळे येणारी यकृताची सूज) हेही पाहायला सांगा. लायकेन प्लॅनस आणि हेपटायटिस-सी काही रुग्णांत एकत्र सापडतात. भाजीतली, दुधातली हळद चालू राहू द्या, तिची काळजी नको.

बीपीच्या गोळीचा उल्लेख तुम्ही जाता जाता केलात, पण मी तिथे थांबले. गोळी दोन वर्षांची, जाळी दीड वर्षाची. बीपीच्या काही गोळ्या, पाणी काढणाऱ्या काही गोळ्या, साखरेच्या काही गोळ्या आणि सांधेदुखीला सर्रास घेतली जाणारी वेदनाशामकं यांच्यामुळे तोंडात हुबेहूब अशीच जाळी उठू शकते. सूक्ष्मदर्शकाखालीही ती वेगळी ओळखणं कठीण जातं. म्हणून सगळ्या औषधांची पाकिटं, अगदी गुडघ्यासाठी अधूनमधून घेता तीसुद्धा, एका पिशवीत घालून बीपीच्या डॉक्टरांसमोर ठेवा आणि रिपोर्ट दाखवा. गोळी बदलता येते का ते त्यांना ठरवू द्या. आपल्या मनाने एक दिवसही बंद करू नका. गालातली आग सोसवते, अर्धांगवायू सोसवत नाही. बदलली तरी फरक दिसायला काही महिने जातात. असंच दातातल्या चंदेरी सिमेंटचं. जाळी बरोबर त्या दाताला टेकते तेवढ्याच जागी असेल तर सिमेंट बदलून उपयोग होतो. तुमची दोन्ही बाजूंना आहे, त्यामुळे तिकडे पैसे घालवायची घाई नको.

मलमाची भीती समजते. स्टेरॉइड म्हटलं की अंगावर सूज, हाडं ठिसूळ असं ऐकलेलं असतं. ते महिनोन्‌महिने पोटातून घेतलेल्या गोळ्यांबाबत खरं आहे. गालावर लावलेलं मलम डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीत, सांगितलेल्या प्रमाणात वापरलं तर रक्तात फारच थोडं जातं. त्याचं काम तिथल्या टी-पेशींना शांत करायचं, वर सांगितलेलं चक्र तिथल्या तिथे थांबवायचं. लावायची पद्धत बऱ्याच जणांची चुकते आणि मग ‘मलमाने काही झालं नाही’ असं म्हणतात, म्हणून नीट लिहिते. जेवण झालं, चूळ भरली, की आरशासमोर उजेडात उभ्या राहा. ओठ बोटाने बाजूला धरा आणि लाल जागा स्वच्छ कापसाने किंवा गॉजने टिपून कोरडी करा. ओल्यावर मलम बसतच नाही. मग मुगाएवढं मलम बोटावर घेऊन नुसतं टेकवा. चोळू नका, चोळलं की रवाळ होऊन निघून जातं. पुढे अर्धा तास खाणं, पिणं, चूळ काही नाही. रात्रीचं शेवटचं लावणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण झोपेत लाळ कमी सुटते आणि मलम जास्त वेळ टिकतं. हिरड्यांवर मलम ठरतच नसेल तर दातांच्या मापाचा पातळ पारदर्शक साचा करून त्यात मलम भरून घालता येतो, डॉक्टरांना विचारा. दोनतीन आठवड्यांनी दाखवायला जा. मधेच दह्यासारखे पुसले जाणारे पांढरे डाग आले तर ती बुरशी आहे, स्टेरॉइडच्या मलमाने कधीकधी येते, तिला वेगळं औषध मिळतं. घाबरून सगळंच सोडून देऊ नका. आणि आग वाढली म्हणून मेडिकलवाल्याकडून स्टेरॉइडच्या गोळ्या आणून परस्पर खाऊ नका.

औषधाने जाळी पूर्ण पुसली जाईल असं वचन मी देणार नाही. पांढऱ्या रेघा राहिल्या तरी चालतात, त्या दुखत नाहीत. लाल भाग मिटला, आग थांबली आणि तुम्ही पोटभर जेवू लागलात की औषध लागू पडलं असं समजायचं.

तोवर जेवणाचं. आग असेल तेवढे दिवस कडक भाकरीऐवजी ताजी मऊ ज्वारीची भाकरी दुधात किंवा वरणात कुस्करून खा. शेंगदाण्याचा कूट लाल तिखट न घालता दह्यात कालवा, शेंगा सुटल्याचं दुःख थोडं कमी होईल. लिंबू, चिंच, उकळता चहा टाळा. दात घासताना आग होते म्हणून हिरड्यांना ब्रश लावणं बहुतेक बायका सोडतात, आणि तिथेच घोटाळा होतो. कीटण साचलं की जंतू वाढतात, जंतू वाढले की आणखी संरक्षक पेशी धावत येतात. अगदी मऊ ब्रश आणि फेस कमी करणारी, झणझणीत नसलेली पेस्ट घ्या. कीटण डॉक्टरांकडून एकदा साफ करून घ्या. गालाला घासणारा टोकदार दात असेल तर तो गुळगुळीत करून घ्या, कारण सततच्या घर्षणाच्या जागी हा आजार बऱ्याचदा उठतो.

आता कॅन्सर. विचारलंत ते बरं केलंत, आडवळण न घेता सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने तोंडाचा लायकेन प्लॅनस पुढे कॅन्सरकडे जाण्याची शक्यता असलेल्या आजारांच्या यादीत ठेवलाय. आजवरच्या अभ्यासांची बेरीज केली तर वर्षांनुवर्षांच्या काळात शंभरातल्या साधारण एकाला तसं होतं. म्हणजे उरलेल्या नव्व्याण्णवांना होत नाही. तुमच्या रिपोर्टातलं ‘डिस्प्लेसिया नाही’ याचा अर्थ, आज त्या तुकड्यात पेशींचा आकार आणि मांडणी कॅन्सरच्या दिशेने बिघडलेली नाही. ही चांगली बातमी आहे, पण ती आजची आणि त्या तुकड्याची. लाल, सोललेल्या प्रकारात धोका नुसत्या पांढऱ्या जाळीपेक्षा जास्त असतो, आणि तंबाखू त्यात भर घालते.

म्हणून ताई, मिश्री. तुमचा लायकेन प्लॅनस मिश्रीने झाला असं मी म्हणत नाही. पण मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू, आणि ती तुम्ही रोज सकाळी त्याच सोललेल्या हिरड्यांवर बोटाने चोळताय. आपल्या भागात सासूने सुनेला शिकवलेली ही सवय आहे. मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, दात हुळहुळतात, डोकं धरतं, असं प्रत्येक बाई सांगते आणि ते खोटं नसतं, निकोटिनची सवय सुटताना असंच होतं. पहिले दोनतीन आठवडे अवघड जातील. सकाळी उठल्या उठल्या कोमट पाणी प्या, पोटासाठी रात्री इसबगोल घ्या आणि मिश्रीचा डबा घराबाहेर जाऊ द्या. तंबाखू सोडायला मदत करणारा सरकारी मोफत फोन आहे, १८००-११-२३५६. घरात कुणी मावा किंवा गुटखा खात असेल तर त्यालाही हे वाचून दाखवा. सुपारीने तोंडाच्या अस्तराखाली तंतू घट्ट होतात आणि तोंड उघडणं कमी कमी होत जातं. तो वेगळा आजार, पण पेशींची सूज तिथेही असते आणि कॅन्सरचा धोका लायकेन प्लॅनसपेक्षा पुष्कळ जास्त.

एक गोष्ट बायका विचारत नाहीत, म्हणून मीच काढते. तोंडात हा आजार असलेल्या चारपाच स्त्रियांमागे एकीला तो योनीमार्गाच्या बाहेरच्या भागातही असतो. खाज, आग, लघवीला झोंबणं, संबंधाच्या वेळी दुखणं असं काही असेल तर वयामुळे होतंय किंवा पाळी जाण्याच्या वेळेमुळे होतंय असं म्हणून गप्प बसू नका. स्त्रीरोगतज्ज्ञांना तोंडाचा रिपोर्ट दाखवा. तिथे उपचार लांबले तर जागा आक्रसते आणि मग त्रास कायमचा होतो.

महिना-दीड महिना मलम नीट लावूनही हिरड्या तशाच सोलत राहिल्या किंवा तोंडात पाण्याचे फोड येऊन फुटू लागले, तर डॉक्टरांना आणखी एक तपासणी विचारा, इम्युनोफ्लुरोसन्स, म्हणजे चमकणाऱ्या रंगाने तुकड्यातली प्रतिपिंडं दाखवणारी तपासणी. पेम्फिगस आणि पेम्फिगॉइड नावाचे दोन आजार हिरड्यांवर असेच दिसतात. त्यांत टी-पेशींपेक्षा बी-पेशी या लिम्फोसाइटच्या दुसऱ्या जातीने बनवलेली प्रतिपिंडं (एरवी जंतूंना चिकटून रोखणारी प्रथिनं) अस्तराचे सांधे उसवतात, आणि त्यांचा उपचार निराळा व तातडीचा असतो. या तपासणीला नवा तुकडा लागतो आणि तो नेहमीच्या फॉर्मॅलिनमध्ये टाकून चालत नाही, वेगळ्या द्रावणात पाठवावा लागतो. म्हणून तुकडा काढण्याआधीच बोलून ठेवा. सगळ्या दवाखान्यांत ही सोय नसते. सोलापुरात सिव्हिल हॉस्पिटलच्या दंत किंवा त्वचा विभागात विचारा, नमुना बाहेर पाठवायचा असेल तर कुठे, ते तिथे सांगतील.

आग थांबली तरी दर सहा महिन्यांनी तोंड दाखवत जा, पहिल्या वर्षी तीनचार महिन्यांनी. प्रत्येक वेळी दोन्ही गालांचे फोटो मोबाइलवर काढून तारखेसह ठेवा, पुढच्या वेळी डॉक्टरांना ताडून पाहता येतं. मधल्या काळात एखादी जखम तीन आठवड्यांत भरली नाही, बोटाला कडक कड किंवा गाठ लागली, जीभ किंवा ओठ बधिर झाला, गळ्याला गाठ आली किंवा कारण नसताना रक्त येऊ लागलं, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच आठवड्यात जा, आणि जुना रिपोर्ट सोबत न्या.